मिठागर, गाळे आणि ब्रोमीन

वसईच्या खाडीकाठी मीठ पिकवणं हा कित्येक पिढ्यांचा धंदा. भरतीचं पाणी खाजणात घ्यायचं, बांध घालून अडवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हावर आटवायचं आणि दाणा धरला की ओढून ढीग रचायचे. नायगाव, जूचंद्र, वसई आणि पलीकडे भाईंदर या पट्ट्यातल्या आगरी कुटुंबांची वर्षं पावसाळ्याने आणि मिठाने मोजली गेली. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या भागातल्या मिठागरांची नोंद आहे. त्या लेखनात मिठाचा कर येतो, मिठाचा व्यापार येतो. मीठ काढून घेतल्यावर वाफ्यात जे उरतं, त्याची कोणाला गरज नव्हती.

ते उरलेलं पाणी जाडसर आणि जिभेला कडू लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला ब्रोमाइडचा वाटा जेमतेम ६५ मिलिग्रॅमचा. पण पाणी आटत जातं तसं साधं मीठ आधी बाहेर पडतं आणि ब्रोमाइड मागे राहतं. म्हणून कडू पाण्यात ते समुद्राच्या कितीतरी पट दाट होतं. वसईचा आगरी हे पाणी खाडीत सोडून देत आला. समुद्रातून आलेलं समुद्रात गेलं, एवढाच त्याचा हिशेब होता आणि तो बरोबरही होता. क्षाराच्या रूपातलं ब्रोमाइड समुद्राला परकं नाही.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, माँपेलिए शहरात, आंत्वान बलार या तरुण रसायनज्ञाने अशाच मिठागरांच्या उरलेल्या पाण्यातून १८२६ साली एक तांबडा, झोंबणाऱ्या वासाचा द्रव वेगळा काढला. तेच ब्रोमीन. पुढची शंभर वर्षं या द्रवाला किरकोळ कामं मिळाली: छायाचित्रांच्या काचांवर चांदीचं ब्रोमाइड, झोपेसाठी पोटॅशियम ब्रोमाइड. खरं गिऱ्हाईक आलं १९२०च्या दशकात. पेट्रोलमध्ये शिसं घालायला सुरुवात झाली आणि ते शिसं इंजिनात साठू नये म्हणून सोबत ब्रोमीनचं एक संयुग घालावं लागे. मागणी इतकी वाढली की १९३४ साली अमेरिकेत डाऊ कंपनीने थेट समुद्राच्या पाण्यातून ब्रोमीन काढण्याचा कारखाना उभारला.

१९७०च्या दशकात अमेरिकेत शिशाचं पेट्रोल हटवायला सुरुवात झाली आणि ब्रोमीनवाल्यांचा मोठा बाजार आटू लागला. त्याच काळात घराघरांत प्लॅस्टिक आणि फोम येत होते. लाकूड आणि सुती कापडाच्या मानाने ही पेट्रोलियमपासून बनलेली सामग्री झपाट्याने भडकते. तिच्यात ब्रोमीनची संयुगं मिसळली तर ज्योत मंदावते, हे ठाऊक होतं. आगीची ज्योत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या अतिशय चपळ तुकड्यांच्या जोरावर टिकते. उष्णतेने सुटलेलं ब्रोमीन त्या तुकड्यांना पकडतं आणि ज्योतीची साखळी तुटते. ज्वालारोधक रसायनांचा आधुनिक धंदा असा उभा राहिला. आगीला अडवायची कल्पना मात्र फार जुनी. इंग्लंडमध्ये १७३५ सालीच तुरटी आणि टाकणखार वापरून कापड आगीपासून वाचवण्याचं पेटंट निघालं होतं आणि १८२१ साली गे-ल्युसाक या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाटकगृहातल्या पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट सुचवलं होतं. तुरटी आणि टाकणखार आपल्या घरातलेही जिन्नस. ब्रोमीनची नवी संयुगं तशी नव्हती. ती निसर्गात सहज मोडत नाहीत, पाण्यात विरत नाहीत आणि चरबीत जाऊन बसतात.

त्याचा पहिला मोठा तडाखा गायींना बसला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सेंट लुईस नावाच्या छोट्या गावी मिशिगन केमिकल कंपनीचा कारखाना होता. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तो चाले. त्या पाण्यातून मॅग्नेशियमही निघे आणि ब्रोमीनही. मॅग्नेशियम ऑक्साइड दुभत्या जनावरांच्या खाद्यात घालायला ‘न्यूट्रिमास्टर’ नावाने विकलं जाई. ब्रोमीनपासून बनवलेलं ज्वालारोधक ‘फायरमास्टर’ नावाने. १९७३ साली छापील पिशव्यांचा तुटवडा पडला, साध्या पिशव्यांवर नावं उठवली गेली आणि फायरमास्टरच्या काही पिशव्या पशुखाद्याच्या गिरणीत जाऊन पडल्या. गायींचं दूध घटलं, खुरं वेडीवाकडी वाढली, वासरं मेली. कारण हाती यायला वर्ष जाऊ द्यावं लागलं आणि ते शोधण्यात मोठा वाटा होता रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या एका शेतकऱ्याचा. तोवर ते दूध, मांस आणि अंडी राज्यभर खाल्ली गेली होती. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या विषाचं नाव पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल. मिशिगनच्या त्या कुटुंबांच्या रक्ताची तपासणी पुढे कित्येक दशकं चालू राहिली, कारण शरीरातून ते निघतच नव्हतं.

एवढं झाल्यावर ब्रोमीनचा धंदा थांबेल असं वाटावं. थांबला नाही, एका संयुगाच्या जागी दुसरं आलं. मुलांच्या झोपेच्या कपड्यांत ‘ट्रिस’ नावाचं रसायन होतं. ते पेशींतल्या जनुकांना इजा करतं, असं आर्लीन ब्लूम आणि ब्रूस एम्स यांनी १९७७च्या सुरुवातीला दाखवलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्या कपड्यांवर बंदी आली.  सोफ्याच्या फोममध्ये आणि टीव्हीच्या खोक्यात तोवर पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल इथर, म्हणजे पीबीडीई, शिरली होती. कॅलिफोर्नियाने १९७५ साली फर्निचरच्या फोमने उघड्या ज्योतीला काही सेकंद दाद देऊ नये असा नियम केला. त्या एका राज्याच्या नियमासाठी कंपन्यांनी देशभर विकायच्या फर्निचरमध्ये ही रसायनं भरली. सिगारेटमुळे लागणाऱ्या आगींचा दोष सिगारेटवर न येता सोफ्यावर यावा, यासाठी तंबाखू कंपन्यांनीही या नियमांना बळ दिलं होतं, हे ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ साली कागदपत्रांनिशी मांडलं.

वसईकराने मात्र अमेरिकेपेक्षा स्वीडनची गोष्ट जास्त नीट ऐकावी. तिथल्या विस्कान नदीच्या काठी कापड गिरण्यांचा पट्टा होता. १९८१ साली त्या नदीतल्या माशांत पीबीडीई सापडल्याची नोंद संशोधकांनी प्रसिद्ध केली. कोणी विष ओतलं नव्हतं, पिशव्यांची अदलाबदल झाली नव्हती. कापडावर प्रक्रिया करताना जे रोज थोडं थोडं वाहून गेलं, तेवढ्याने मासे भरले. पुढे त्याच देशाने १९७२ ते १९९७ या काळात साठवून ठेवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा दुधातलं पीबीडीईचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं १९९९ साली उघड झालं. दुधाचे नमुने कोणीतरी आधीच जपून ठेवले होते, म्हणून हे कळलं.

आता वसई. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला. साधारण त्याच दशकात मुंबईत जागा न परवडणारी कुटुंबं विरारच्या लोकलने उत्तरेला सरकत होती. वाड्या विकल्या जात होत्या, केळीच्या बागा आणि भातखाचरं जाऊन चार मजली इमारती उठत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली ती याच उलथापालथीच्या विरोधात: विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं, जमीन आणि हिरवाई बिल्डरांच्या हाती चालली होती. १९९०मध्ये सिडकोकडे या भागाचं नियोजन गेलं. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती. त्या प्रत्येक घरात टीव्ही, पंखा, वायर, फोमची गादी. कारखान्याच्या धुराड्यातून न येता ज्वालारोधक रसायनं घरात येतात ती अशी, बिलासकट आणि वॉरंटीसकट.

महामार्ग आणि रेल्वे यांच्या मधला पूर्वेचा पट्टा याच काळात गाळ्यांनी भरला. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, धानिव. एकेका औद्योगिक वसाहतीत ओळीने गाळे आणि त्यांत साचे, मोल्डिंग, वायर, खेळणी, पॅकिंग, रंगकाम. त्यांच्या मागोमाग भंगाराची गोदामं आली. मुंबई हे देशातल्या ई-कचऱ्याचं सर्वांत मोठं उगमस्थान आणि महाराष्ट्र हे सर्वांत मोठं उगमराज्य, असा अंदाज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ सालीच दिला होता. कुर्ला, साकीनाका, धारावी इथे जागा आखडली की हा माल शहराच्या कडेला सरकतो, आणि मुंबईची उत्तरेची कड म्हणजे वसई.

भंगारात आलेल्या जुन्या टीव्हीचं पुढे काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. तांबं आधी जातं, मग काच, मग सर्किट. उरतं ते पाठीचं काळं खोकं. जुन्या टीव्हीच्या अशा प्लॅस्टिकमध्ये पीबीडीई गटातलं डेका-बीडीई हे रसायन शंभर किलोमागे दहा-बारा किलोपर्यंत असे. ते प्लॅस्टिकशी रासायनिकरीत्या जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. त्यामुळे खोकं वापरात असतानाही ते हळूहळू धुळीत उतरतं. खोकं फोडलं, दळलं, वितळवलं की एकदम. दळून त्याचा दाणा होतो आणि दाण्यातून नवी वस्तू. २०१७ साली २६ देशांतून गोळा केलेली चौकोनी कोड्यांची आणि तत्सम खेळणी तपासली, तेव्हा दहातल्या नऊ खेळण्यांत ऑक्टा किंवा डेका-बीडीई सापडलं. टीव्हीची पाठ मुलाच्या हातात परत आली होती.

भंगारवाल्यांना प्लॅस्टिक ओळखायच्या दोन जुन्या रीती माहीत आहेत. तुकडा काडीने पेटवून वास घ्यायचा, किंवा पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते पाहायचं. पहिली रीत त्यांच्या फुप्फुसांच्या जिवावर चालते. दुसरी मात्र खरोखर उपयोगाची आहे. ब्रोमीन जड मूलद्रव्य असल्यामुळे ज्वालारोधक भरलेलं प्लॅस्टिक साध्यापेक्षा जड असतं. पाण्यात मीठ विरघळवून त्याची घनता नेमकी ठेवली तर साधा तुकडा वर येतो आणि ब्रोमीनचा तळाला बसतो. निसर्गात न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही घनतेवर आधारलेली ही निवड मान्य केलेली आहे. लाखोंची यंत्रं न घेता, मीठ, टाकी आणि थोडं प्रशिक्षण यांवर सातिवलीच्या गोदामात हे काम होऊ शकतं. अट एकच: बुडालेला माल पुन्हा दाण्यात जाता कामा नये आणि तो नेण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

आज बुडालेला काय आणि तरंगलेला काय, बराच माल आगीत जातो. गोखिवऱ्याच्या भोयदापाड्यातली कचराभूमी पेटल्याच्या बातम्या वसईकराला नव्या नाहीत. भंगाराच्या गोदामांच्या आगीही नव्या नाहीत. आणि इथेच ज्वालारोधकांची सर्वांत कडवट बाजू दिसते. ज्योत दाबायला घातलेलं ब्रोमीन उघड्यावरच्या, अर्धवट जळणाऱ्या ढिगात आग विझवत नाही. ती धुमसत राहते आणि ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. ही संयुगं मूळ रसायनापेक्षा जास्त विषारी आहेत. धूर वाडीवर उतरतो, राख पहिल्या पावसात नाल्याला लागते आणि नाला खाडीला.

आगीची भीती खोटी आहे, असं म्हणण्याचा अधिकार या शहरात कोणालाही नाही. २३ एप्रिल २०२१च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान १३ करोना रुग्णांचा जीव गेला. अशा आगी टाळायला नीट वायरिंग हवं, धूर ओळखणारी यंत्रणा हवी, पाण्याचे फवारे, मोकळे जिने आणि दरवर्षीची प्रामाणिक तपासणी हवी. प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीन मिसळल्याने यातलं काहीच होत नाही. उलट असं प्लॅस्टिक पेटलंच तर धूर अधिक दाट आणि अधिक विषारी होतो, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळेने नाही, धुराने दगावतात. कॅलिफोर्नियाने २०१३ साली आपला जुना नियम बदलला, तो याच विचाराने.

शरीरात ही रसायनं काय करतात? पीबीडीईची रचना थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे ती त्या संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात. गर्भात आणि पहिल्या वर्षांत मेंदूची घडण याच संप्रेरकावर अवलंबून असते. आईच्या शरीरात पीबीडीईचं प्रमाण जास्त असेल तर मुलांच्या बुद्ध्यंकावर आणि एकाग्रतेवर परिणाम दिसतो, असं अनेक देशांतल्या दीर्घ अभ्यासांत आढळलं आहे. रांगतं मूल जमिनीवरची धूळ हातातोंडाने खातं, म्हणून घरात सर्वांत जास्त वाटा त्याच्याच पोटात जातो.

भारतातले पुरावे तुकड्यांनी आले आहेत, पण आले आहेत. २००५ साली ओडिशातल्या चिल्का सरोवरातल्या इरावती डॉल्फिनच्या शरीरात पीबीडीई सापडल्याचं प्रसिद्ध झालं. २००७ साली आशियाई किनाऱ्यांवरच्या शिंपल्यांची पाहणी झाली, तीत भारतही होता. त्या पाहणीत सर्वाधिक प्रमाण कोरिया, हाँगकाँग, चीन आणि फिलिपाइन्समध्ये निघालं. २०१२ साली कोलकात्याच्या कचराभूमीजवळ राहणाऱ्या मातांच्या दुधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिल्का दूर आहे, कोलकाता दूर आहे. पण कचराभूमीजवळच्या आईचं दूध हा विषय गोखिवऱ्यापासून दूर नाही.

वसईच्या खाडीला आधीही एक विष भेटलं आहे. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातून येणारी उल्हास नदी याच खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या काठच्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून पारा वाहत आला आणि गाळात बसला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या अनिरुद्ध राम आणि सहकाऱ्यांनी खाडीमुखातल्या गाळातल्या पाऱ्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पाणी दर भरतीला बदलतं, गाळ थरावर थर चढवतो. पाऱ्यासाठी जे केलं तेच ब्रोमीनच्या संयुगांसाठी करता येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या नेहमीच्या पाणी-तपासणीत सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, विष्ठेतले जिवाणू असे घटक असतात. या घटकांवर एखादं पाणी बरं ठरलं तरी पीबीडीईबद्दल त्यातून काही कळत नाही, कारण ती पाण्यात नसतातच. ती गाळाला आणि चरबीला चिकटलेली असतात.

कायदा आहे. स्टॉकहोम करारावर भारताने २००६ साली शिक्कामोर्तब केलं. २००९ साली पीबीडीईचे दोन गट करारात आले, २०१३ साली इमारतींच्या थर्माकोलमधलं एचबीसीडी हे ज्वालारोधक, २०१७ साली डेका-बीडीई. भारताने मार्च २०१८च्या नियमांनी सात रसायनांवर बंदी घातली आणि त्या सातांपैकी चार नोंदी ज्वालारोधकांच्या आहेत. मिशिगनच्या गायींना मारणारं विष त्या यादीत आहे, म्हणजे आपल्याकडे त्याला बंदी आली ती त्या घटनेनंतर ४५ वर्षांनी. डेका-बीडीई त्या सातांत नाही. २०११च्या ई-कचरा नियमांपासून नव्या उपकरणांमध्ये पीबीडीईचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, हे चांगलंच. पण जुनी उपकरणं अजून माळ्यांवर, गोदामांत आणि ढिगांत पडलेली आहेत. नियमाच्या आधी विकलेल्या टीव्हीला नियम लागू होत नाही.

दाद मागायला खाडीकाठची माणसं घाबरत नाहीत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादात गेलेला अर्जदार म्हणजे अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, मासेमारी करणाऱ्यांचीच संघटना. पण लवादापुढे आकडे लागतात. पाचूबंदरच्या कोळणीला मासळीचा वास बदललेला कळतो, निवटीला रॉकेलची चव आली तर कळते. पीबीडीईला वास नाही, चव नाही.

तपासायचं काय, हे ठरवायला मोठी समिती लागत नाही. बोंबील पाणथळ अंगाचा, त्यात चरबी कमी. त्याच्यापेक्षा खाडीच्या चिखलात लोळणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवं अधिक सांगतील. कचराभूमीच्या आसपासच्या पाड्यांतल्या गावठी कोंबड्या दिवसभर माती चिवडतात आणि मातीत जे असेल ते अंड्याच्या बलकात उतरतं. जगभर असे ढीग तपासताना अंडीच आधी उचलतात. तिसरा नमुना पाणजू बेटाजवळच्या गाळाचा. समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र अंधेरीला आणि केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था वर्सोव्याला, दोन्ही याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर आहेत. महाराष्ट्रातल्या महापालिका आयुक्तांना शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवावा लागतो. वसई-विरारच्या अहवालात गाळ, निवटी आणि अंडी यांचा एक तक्ता जोडायला नव्या कायद्याची गरज नाही. ज्यांच्या दारात हा ढीग पेटतो, त्या भोयदापाड्याच्या रहिवाशांना ते आकडे मराठीत वाचता आले पाहिजेत.